मेंढपाळाचा आवाज आणि माझ्या वाट्याचे काम



आज पुनरुत्थान काळातील चौथा रविवार. ह्या रविवारी दरवर्षी आपण संत योहानलिखित शुभवर्तमानाचा दहावा अध्याय ऐकतो. मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो आणि मेंढरे त्याचा आवाज ओळखून त्याच्यामागे जातात, असे प्रभू येशू आपल्याला सांगतो. १९६४ साली पोप सहावे पॉल ह्यांनी ह्याच रविवारी जगभरातील ख्रिस्तसभेने पाचारणासाठी प्रार्थना करावी अशी प्रथा सुरू केली. म्हणून हा 'उत्तम मेंढपाळाचा रविवार' आणि 'पाचारण रविवार'ही.

पाचारण रविवार म्हटले की देवळात काय होते हे मला ठाऊक आहे. फादर आता सेमिनरीबद्दल बोलणार, असे समजून काही आया आपल्या एकुलत्या एका मुलाला हळूच जवळ ओढून घेतात! मुले खाली बघतात. आणि बाकीचे सारेजण, म्हणजे लग्न झालेले, नोकरीत असलेले, शेती करणारे, पेन्शनवर आलेले, मनातल्या मनात म्हणतात, 'हे आपल्यासाठी नाही.' धर्मगुरू आणि धर्मभगिनी मिळाव्यात म्हणून आपण आज प्रार्थना करणारच आहोत, आणि तिची गरज फार मोठी आहे. आपला अमरावती धर्मप्रांत अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशिम आणि यवतमाळ अशा पाच जिल्ह्यांत पसरलेला आहे. परंतु आज मला त्या 'हे आपल्यासाठी नाही' म्हणणाऱ्यांशी बोलायचे आहे. कारण ज्या १९६४ साली हा पाचारण रविवार सुरू झाला, त्याच वर्षी दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या प्रमुख दस्तऐवजात एक संपूर्ण अध्याय ह्यासाठी दिला की, पवित्रतेचे पाचारण प्रत्येक स्नानसंस्कारित व्यक्तीला आहे. एकालाही वगळलेले नाही.

आता मेंढपाळाकडे येऊ. आपल्या भागात कपाशी उलंगली, तूर-हरभरा निघाला आणि शेते मोकळी झाली की धनगर बांधवांचे कळप दिसू लागतात. शेतकरी त्यांना खतासाठी आपल्या वावरात मेंढ्या बसवायला बोलावतात. एखाद्या नाल्याच्या पाण्यावर दोन-तीन कळप एकाच वेळी आले तर आपल्यासारख्याला वाटते, आता ह्या वेगळ्या कशा करणार? सगळ्या सारख्याच दिसतात! पण धनगर एक विशिष्ट आवाज काढतो आणि त्याच्याच मेंढ्या माना वर करतात. हे त्यांना कोणी एका दिवसात शिकवलेले नसते. ऊन, पाऊस, रात्र, कुत्र्यांची भीती, हे सगळे त्या आवाजासोबत काढलेले असते, म्हणून तो ओळखू येतो. देवाचा आवाज मला ओळखू येत नाही, अशी तक्रार आपण करतो. पण त्या आवाजासोबत आपण किती दिवस काढले?

आणि आवाज तर आज पुष्कळ आहेत. ह्या दिवसांत ते जास्तच मोठे होतात. दहावी-बारावीच्या परीक्षा संपल्या आहेत, निकालाची वाट पाहणे चालू आहे, 'नीट'ची परीक्षा तोंडावर आहे. अकोला शहर आज क्लासेससाठी ओळखले जाते. लांबलांबच्या गावांतून मुले-मुली तिथे खोली घेऊन राहतात, पहाटेपासून रात्रीपर्यंत अभ्यास करतात. ह्यात वाईट काही नाही. डॉक्टर व्हावे, खूप शिकावे. पण आईवडील येतात आणि म्हणतात, 'फादर, पोराले समजवा, त्याले डॉक्टरच व्हायचं हाय.' मी विचारतो, 'त्याला व्हायचे आहे की तुम्हाला?' मग थोडा वेळ शांतता असते.

बंधू-भगिनींनो, आईवडिलांची इच्छा ही देवाची इच्छा असू शकते. परंतु ती आपोआप देवाची इच्छा होत नाही. आईवडिलांच्या मनातील राहून गेलेले स्वप्न, शेजाऱ्याच्या मुलाशी तुलना, लग्नाच्या बाजारातील भाव, हेही आवाजच आहेत, आणि ते मेंढपाळाच्या आवाजाची नक्कल फार चांगली करतात.

ह्याबाबत पवित्र शास्त्रात एका म्हाताऱ्या माणसाची गोष्ट आहे. शमुवेलाचे पाचारण आपण सर्वांनी ऐकलेले आहे (१ शमुवेल ३). लहान शमुवेल मंदिरात झोपलेला असताना परमेश्वर त्याला हाक मारतो आणि तो मुलगा तीन वेळा उठून एलीकडे धावत जातो. आपण नेहमी शमुवेलाबद्दल बोलतो. आज एलीकडे पाहा. त्याची दृष्टी मंदावलेली, स्वतःची मुले हाताबाहेर गेलेली, म्हणजे पालक म्हणून तो अपयशीच. तरीही तिसऱ्या वेळी त्याच्या लक्षात येते की, ह्या मुलाला हाक मारणारा परमेश्वर आहे. मग तो काय करतो? 'देवाने तुला अमुक सांगितले असेल' असे तो म्हणत नाही. तो मुलाला फक्त ऐकायला शिकवतो आणि पुन्हा त्याच्या जागेवर पाठवतो. पुढे जे घडते ते तर आणखी कठीण आहे. त्या रात्री शमुवेलाला मिळालेला निरोप एलीच्याच घराण्याच्या विरोधात होता! सकाळी मुलगा घाबरतो, सांगायला कचरतो. एली त्याला सगळे सांगायला लावतो आणि ते परमेश्वराचे म्हणणे आहे म्हणून मान खाली घालून स्वीकारतो. आपल्याला न आवडणारा निरोप घेऊन आलेल्या मुलाचे ऐकून घेणारा हा वडीलधारा माणूस मला फार मोठा वाटतो.

त्याच अध्यायात एक बारीकशी गोष्ट आहे, सहसा ती नजरेतून सुटते. देवाने स्वतः हाक मारल्यानंतर, एवढा मोठा अनुभव आल्यानंतर, शमुवेलाने सकाळी उठून काय केले? त्याने मंदिराची दारे उघडली. ते त्याचे रोजचे काम होते.

आपल्याला वाटते की देवाने आपल्याला काही हेतूने निर्माण केले असेल, तर तो हेतू आकाशातून वीज चमकावी तसा एकदम दिसेल. आणि तो तरुणपणी दिसला नाही तर संपले, गाडी चुकली! हा समज किती चुकीचा आहे हे समजण्यासाठी फार लांब जायला नको. अमरावतीतल्या तपोवनात जा. आपल्यापैकी पुष्कळजण तिथून गेले असतील, पण ते उभे करणाऱ्या माणसाचे वय कोणी मोजले आहे का? डॉ. शिवाजीराव पटवर्धन, ज्यांना सगळे दाजीसाहेब म्हणत, ह्यांचा जन्म १८९२चा. अमरावतीत होमिओपॅथीचे डॉक्टर म्हणून त्यांचे नाव होते, स्वातंत्र्याच्या चळवळीत त्यांनी तुरुंगवासही भोगला होता. म्हणजे एका माणसाच्या आयुष्याला पुरेल इतके काम करून झाले होते. १९४६ साली, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, त्यांनी कुष्ठरुग्णांसाठी तपोवन सुरू केले. ज्या वयात आपण निवृत्तीचा हिशेब करायला बसतो, त्या वयात! त्या काळी ह्या रोगाच्या माणसाला घरचे लोक घराबाहेर काढत, गाव गावाबाहेर काढी. दाजीसाहेबांनी त्यांना केवळ औषध दिले नाही, काम दिले. तपोवनात माग चालू लागले, सुतारकाम होऊ लागले. भीक मागण्यासाठी पुढे होणारे हात वस्तू तयार करू लागले. १९५९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९८६ साली त्यांचे निधन झाले. हिशेब करा: चौपन्नाव्या वर्षी मिळालेले काम त्यांना पुढे चाळीस वर्षे पुरले.

त्याच १९४६ साली, सप्टेंबर महिन्याच्या १० तारखेला, कलकत्त्याहून दार्जिलिंगला जाणाऱ्या गाडीत एक धर्मभगिनी वार्षिक तपसाधनेसाठी निघाली होती. वय छत्तीस. लोरेटो संस्थेत जवळजवळ वीस वर्षे तिने मुलींना शिकवले होते. त्या प्रवासात तिला जाणवले की, प्रभू तिला मठाच्या भिंतीबाहेर, गरिबांतल्या गरिबांकडे बोलावतो आहे. त्या अनुभवाला ती 'पाचारणातील पाचारण' म्हणत असे. हीच आपली कलकत्त्याची संत तेरेसा, मदर तेरेसा. शिक्षिका म्हणून घालवलेली ती वीस वर्षे वाया गेली काय? मुळीच नाही. तिच्या नव्या संस्थेत पहिल्यांदा आल्या त्या तिच्याच विद्यार्थिनी. देव जुने काम फेकून देत नाही, तो त्याच्यावरच पुढचे बांधतो.

आणि हेही लक्षात घ्या की, त्या गाडीतून उतरून ती लगेच झोपडपट्टीत धावली नाही. परवानगीसाठी दोन वर्षे थांबली. परवानगी मिळाल्यावर आधी पाटण्याला जाऊन रुग्णसेवेचे शिक्षण घेतले. गोव्याच्या संत जोसेफ वाझ ह्यांचेही असेच. त्यांच्या मनात श्रीलंकेतील, म्हणजे तेव्हाच्या सिलोनमधील, धर्मगुरूंवाचून राहिलेल्या कॅथलिक लोकांकडे जायचे होते. १६८१ साली वरिष्ठांनी त्यांना पाठवले कानडा प्रांतात. ते गेले, मन लावून काम केले, परत आले, आणि १६८७ साली सिलोनला पोहोचले. १७११मध्ये तिथेच देवाघरी गेले. जी ओढ देवाची असते ती थांबायला तयार असते. आजच, आत्ताच, नाहीतर काही खरे नाही, अशी घाई ज्या इच्छेत असते तिच्याविषयी मी तरी सावध राहीन.

आता आपल्या मेळघाटात चला. डॉ. रवींद्र कोल्हे आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता कोल्हे ह्यांची नावे २०१९ साली पद्मश्री मिळाल्यावर सगळीकडे झाली. पण त्या आधीची तीस-पस्तीस वर्षे ते धारणी तालुक्यातील बैरागड ह्या कोरकू आदिवासींच्या गावी राहून काम करीत होते. डॉ. रवींद्र मूळचे शेगावचे. नागपूरला एम.बी.बी.एस. झाले. गांधीजी आणि विनोबाजींचे विचार त्यांच्या मनात होते; जिथे डॉक्टर नाही अशा ठिकाणी जायचे, हे त्यांनी ठरवले. तेव्हा बैरागडला पोहोचायचे तर हरिसालपासून चाळीस किलोमीटर चालावे लागे.

इथपर्यंत ही गोष्ट आपल्याला परिचयाची वाटते: ध्येयवादी तरुण, दुर्गम गाव. मला त्यातला पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. बैरागडला काम सुरू केल्यावर त्यांच्याकडे एक रुग्ण आला, स्फोटात त्याचा हात गेला होता. डॉक्टरांना जाणवले की, आपले शिक्षण आणि आपली साधने इथे पुरी पडत नाहीत. अशा वेळी दोन मोह होतात. एक, 'हे माझे काम नव्हतेच' असे म्हणून शहरात परत जाणे. दुसरा, 'माझा हेतू चांगला आहे ना, मग झाले!' असे म्हणून अपुऱ्या ज्ञानावर तसेच रेटणे. दुसरा मोह आपल्या धार्मिक माणसांना फार होतो. डॉ. कोल्हे ह्यांनी दोन्ही टाळले. ते परत गेले, एम.डी. झाले, आणि मग पुन्हा बैरागडला आले.

लग्नासाठी त्यांनी घातलेल्या अटी आता प्रसिद्ध आहेत: चाळीस किलोमीटर चालण्याची तयारी हवी, पाच रुपयांत नोंदणी विवाह करायचा, महिन्याला चारशे रुपयांत घर चालवायचे, आणि दुसऱ्यासाठी भीक मागायची वेळ आली तर तीही मागायची. तपासणीचे पहिल्या वेळी दोन रुपये आणि नंतर एक रुपया घेणाऱ्या डॉक्टरचा संसार आणखी कसा चालणार? अशा अटी ऐकून मुली नाही म्हणत गेल्या, ह्यात मला काही नवल वाटत नाही. नागपुरात स्वतःचा दवाखाना असलेल्या डॉ. स्मिता हो म्हणाल्या. गावाने त्यांना लगेच आपले मानले नाही. मग त्यांचे तान्हे बाळ गंभीर आजारी पडले. त्याला शहरात हलवावे असे सगळे म्हणत होते. त्या आईने ठरवले की, गावातल्या बाळांना जे उपचार मिळतात तेच माझ्या बाळाला मिळतील. बाळ वाचले. त्यानंतर गाव त्यांचे झाले. प्रत्येक आईने असे करावे असे मी मुळीच म्हणत नाही. आपले लेकरू आजारी असेल तर त्याला जिथे चांगले उपचार मिळतील तिथे न्या. मी फक्त एवढेच दाखवतो आहे की, त्या दोघांनी त्या गावाला 'ते' म्हणायचे सोडून 'आम्ही' म्हणायला सुरुवात केली होती.

पुढे लोक म्हणू लागले, डॉक्टर, आमची जनावरे आजारी आहेत, आमचे पीक हातात येत नाही. एम.डी. झालेल्या माणसाने म्हणायला हवे होते, 'तो माझा विषय नाही.' पण पोट रिकामे असेल तर औषध काय करणार? म्हणून ते अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शेती शिकायला गेले आणि बैरागडला शेती करू लागले.

कोणी म्हणेल, फादर, हे दोघे किंवा दाजीसाहेब आपल्या देवळातले नाहीत, मग पाचारण रविवारी ह्यांची उदाहरणे कशाला? ह्याच संत योहानच्या शुभवर्तमानात प्रभू निकदेमला सांगतो की, वारा वाटेल तिकडे वाहतो आणि आत्म्याचेही तसेच आहे. देवाची हाक आपल्या धर्मग्रामाच्या नोंदवहीपुरती नाही. उलट, आपण स्नानसंस्कार आणि दृढीकरण स्वीकारलेली माणसे, दर रविवारी ख्रिस्तशरीर स्वीकारणारी माणसे. ज्यांना हे मिळालेले नाही ते जर इतके विश्वासू राहू शकतात, तर आपल्याला कोणते निमित्त उरते?

विश्वासू राहणे, हीच तर खरी अडचण आहे. हाक ऐकू येणे हे काही वेळा सोपे असते. एखादी तपसाधना होते, एखादे प्रवचन मनाला लागते, लग्नाच्या दिवशी वेदीसमोर डोळे भरून येतात, आणि आपण मनापासून हो म्हणतो. नंतर? मदर तेरेसांची पत्रे त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ साली, पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला धक्का बसला. कारण त्या पत्रांतून कळले की, काम सुरू केल्यानंतर दशकानुदशके त्यांना प्रार्थनेत देवाची जवळीक जाणवतच नव्हती. आत अंधार होता. काही वर्तमानपत्रांनी तर लिहिले की, मदरचा विश्वासच डळमळला होता. मला ती पत्रे नेमकी उलट सांगतात. काहीही जाणवत नसताना पहाटे उठून मिस्साला बसणे, आणि मिस्सा झाल्यावर बादली उचलून बाहेर पडणे, तेही इतकी वर्षे! मेंढपाळाचा आवाज ऐकू येईनासा झाला तरी, शेवटी त्याने जी वाट दाखवली होती तिच्यावर ती मेंढी चालत राहिली.

आपल्या घरांतही असे लोक आहेत, त्यांची पत्रे मात्र कोणी छापत नाही. अंथरुणाला खिळलेल्या सासूचे सगळे करणारी सून. दारू पिणाऱ्या नवऱ्याच्या घरात मुलांना शिकवणारी, भांडीधुणी करणारी ताई. (आणि हेही सांगतो: मार सहन करणे हे कोणाचेही पाचारण नाही. तसे होत असेल तर त्या ताईने सोसत बसू नये, बोलावे, मदत मागावी.) सरकारी दवाखान्यात रात्रपाळी करणारी परिचारिका. मतिमंद मुलाला तीस वर्षे हाताने जेवू घालणारे आईवडील. ह्यांना विचारले, तुमच्या जीवनाचा हेतू काय, तर ते हसतील आणि म्हणतील, 'फादर, येळ कुठं हाय इचार कराले!' दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१८ साली पवित्रतेविषयी लिहिलेल्या आपल्या पत्रात अशा 'शेजारच्या घरातल्या संतां'बद्दल लिहिले होते.

आपल्या ह्या वऱ्हाडात सुवार्ता रुजवण्यासाठी फ्रान्सलियन धर्मगुरूंनी खूप कष्ट घेतले. आपल्या धर्मप्रांताची स्थापना ८ मे १९५५ रोजी झाली तेव्हा पहिले महागुरुस्वामी जोसेफ रोझारिओ हे त्याच संस्थेचे होते आणि त्यांनी चाळीस वर्षे हा धर्मप्रांत सांभाळला. त्या संस्थेचे आश्रयदाते संत फ्रान्सिस डी सेल्स. त्यांच्या वडिलांची इच्छा होती की मुलाने मोठा कायदेपंडित व्हावे. मुलाने पादुआला जाऊन कायद्याची पदवी मिळवली आणि मग नम्रपणे सांगितले की, मला धर्मगुरू व्हायचे आहे! पुढे ह्या संताने १६०९ साली भक्तिजीवनावर जे पुस्तक प्रसिद्ध केले, ते मठातल्या लोकांसाठी नव्हते. एका विवाहित स्त्रीला लिहिलेल्या मार्गदर्शनातून ते तयार झाले होते. त्यात त्यांनी दाखवले की, कारागिराची भक्ती वेगळी, विधवेची वेगळी, संसारी बाईची वेगळी. महागुरूने मठवासीयासारखे एकांतात राहू नये आणि कारागिराने दिवसभर देवळात बसू नये. चारशे वर्षांपूर्वी हे लिहिणे म्हणजे मोठेच धाडस होते. आजही आपल्याकडे काहीजणांना वाटते की, जो देवळात जास्त वेळ दिसतो तो देवाला जास्त आवडतो!

शेतकरी बांधवांना आज एक शब्द सांगायचा आहे. आमोस नावाचा संदेष्टा होता. तो मेंढरे राखी आणि उंबराच्या फळांची निगा राखी. मी काही संदेष्ट्यांच्या घराण्यातला नाही, मला कळपामागून उचलून देवाने पाठवले, असे तो स्वतः सांगतो (आमोस ७). कपाशीवर बोंडअळी येते, सोयाबीन पावसात सापडते, भाव पडतो, सोसायटीचे कर्ज तसेच राहते, आणि मग मनात येते की ह्या जगण्याला काही अर्थ नाही. वऱ्हाडातल्या किती घरांनी ह्या विचारापायी आपला माणूस गमावला, हे मी तुम्हाला सांगायला नको. माझ्या भावा, तुझे पीक बुडाले म्हणून तुझी हाक बुडाली असे नाही. देवाने तुला क्विंटलमध्ये मोजलेले नाही. मन अगदी अंधारून आले तर एकटा राहू नकोस. माझ्याकडे ये, रात्री-अपरात्री ये. शेजाऱ्याला सांग, डॉक्टरांना सांग. सरकारची 'टेली-मानस' ही मोफत सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर मराठीतूनही बोलते. तो नंबर आज घरी जाऊन कॅलेंडरवर लिहून ठेवा, स्वतःसाठी नाही तर दुसऱ्या कोणासाठी.

आणि मग लोक विचारतात, फादर, हे सगळे ठीक, पण माझ्या वाट्याचे काम कोणते हे मी ओळखू कसे? मी ह्यासाठी काही युक्ती सांगू शकत नाही. एवढे सांगतो की, दाजीसाहेबांना रस्त्यावरचे कुष्ठरोगी दिसले, मदरना शाळेच्या भिंतीपलीकडची वस्ती दिसली, डॉ. कोल्हे ह्यांना डॉक्टर नसलेले गाव दिसले. ते तर सगळ्यांनाच दिसत होते. पण काही गोष्टी एखाद्यालाच झोपू देत नाहीत. तुम्हाला अशी कोणती गोष्ट झोपू देत नाही? ती प्रार्थनेत प्रभूसमोर ठेवा, एक दिवस नाही, काही महिने. तुम्हाला नीट ओळखणाऱ्या एखाद्या एलीला विचारा. पण जो तुमच्या तोंडावर गोड बोलतो त्याला नको. आणि तोवर सकाळी उठून आपल्या वाट्याची दारे उघडत राहा.

आज श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत आपण धर्मगुरू आणि धर्मभगिनींच्या पाचारणासाठी प्रार्थना करू. ज्या आयांनी मघाशी मुलांना जवळ ओढले, त्यांनी ती जरा मोठ्याने म्हणावी ही विनंती! त्यानंतर परीक्षेच्या निकालाची वाट पाहणाऱ्या आपल्या धर्मग्रामातील सर्व मुलामुलींसाठी प्रार्थना करू. पालकांना माझे एक सांगणे आहे. निकालाच्या दिवशी मोबाईल उघडून गुण पाहण्याआधी मुलाला किंवा मुलीला जवळ बोलवा, कपाळावर क्रुसाची खूण करा आणि आशीर्वाद द्या. गुण त्यानंतर पाहा.